तीन भिंती आणि एक शटर

कोल्हापुरात नव्या घराची वास्तुशांत झाली की पुढचे काही दिवस घर बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. पेठेतले जुने शेजारी येतात, तालमीतली पोरं येतात, भावकी येते. पाहुण्यांना आधी देवघर दाखवलं जातं, मग स्वयंपाकघरातला ओटा, मग गच्ची. चहा होतो. मग घरातलं कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उठतं, "चला की, गॅरेज बघूया." शटर वर जातं. आत गाडी असते, तिच्या बाजूला दोन दुचाक्या, भिंतीला टेकवलेली शिडी, कोपऱ्यात आजोबांची चेतक स्कूटर. हॉलमध्ये पाच मिनिटं टेकलेले पाहुणे इथे अर्धा तास रेंगाळतात. कुणी भिंतीला हात लावून ओल बघतो, कुणी लाइटचा पॉइंट कुठे काढलाय ते विचारतो, आणि गाडीच्या ॲव्हरेजवरून गप्पा सुरू झाल्या की घरातून दुसरा चहा खाली पाठवावा लागतो.

या कौतुकामागे पेठेत काढलेल्या वर्षांचा हिशेब आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, गंगावेश इथली जुनी घरं मोटारीच्या जमान्यातली नाहीत. दगडी जोतं, पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परडं. गल्लीची रुंदी बैलगाडीच्या मापाची. स्कूटर आली तेव्हा ती सोप्यात चढली. त्यासाठी पायरीवर फळी टाकायची आणि रात्री घरातला शेवटचा माणूस परतला की फळी आत ओढून दार लावायचं. दुसरी दुचाकी जिन्याखाली गेली. चारचाकी आली आणि घराचा नाइलाज झाला. मग गाडी कधी गल्लीच्या तोंडाशी, कधी देवळाच्या पटांगणाशी, कधी ओळखीच्या माणसाच्या रिकाम्या प्लॉटवर. गणपतीचा मांडव पडला की हलवायची, कुणाचं लग्न निघालं की हलवायची, आणि ऐन झोपेत दारात हाक यायची, "गाडी काढा की जरा, टेम्पो आलाय." ज्यांनी ही हाक वर्षानुवर्षं ऐकली, त्यांना स्वतःच्या शटरचं कुलूप म्हणजे काय वाटतं हे वेगळं सांगायला नको.

शहर या घरांच्या बाहेर कधीच पडलं होतं. शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. त्यानंतर राजारामपुरी आली, चौदा गल्ल्यांची, सरळ आखलेली, आणि पुढे ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी असे बंगल्यांचे भाग उभे राहिले. कंपाउंडच्या भिंतीआड गाडी उभी करण्याची सोय कोल्हापूरच्या मध्यमवर्गाने पहिल्यांदा पाहिली ती या भागात. आता ती हौस आणखी लांब गेली आहे. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी, शिंगणापूर, बालिंगा. महानगरपालिका १९७२ साली झाली, पण शहराची हद्द मात्र पुढची कितीतरी दशकं तिथेच राहिली आणि हद्दवाढीचा वाद पिढ्यांना पुरला. घरं काही वादासाठी थांबली नाहीत, ती ग्रामपंचायतींच्या हद्दीत उभी राहत गेली. २०१७ साली आसपासच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. आज दीड-दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन घर बांधणारं कुटुंब साधारण याच पट्ट्यात सापडतं, आणि आर्किटेक्टसमोर बसल्यावर त्या कुटुंबाच्या पहिल्या चार मागण्यांत गॅरेज असतंच.

ही मागणी फक्त गाडीपुरती नसते. कोल्हापूर जिल्ह्यात घर आणि काम यांच्यामध्ये भिंत कधी फारशी नव्हतीच. हुपरीत चांदीचं काम घराघरात चालत आलं. पुढच्या खोलीत पैंजणांच्या कड्या जोडल्या जात असताना आतल्या खोलीत भाकरी थापली जायची. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. ही चप्पल कारखान्याच्या पट्ट्यावर घडली नाही, ती घराच्या पडवीत घडली. कातडं कमावणारा, तळ कापणारा, वेणी घालणारी बाई, सगळी एका उंबऱ्याच्या आतबाहेर. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे घराला लागून माग बसवण्याची रीतच पडली. मागाचा खडखडाट थांबला की त्या घरातली लहान मुलं झोपेतून जागी होतात, असं तिथली माणसं सांगतात.

शहराच्या अभिमानाची एक गोष्ट याच कुळीतली आहे. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. ते आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवणारे. फाळक्यांचा सिनेमा बघून दोघांनाही चित्रपटाचा ध्यास लागला, पण कॅमेरा नव्हता आणि परदेशी कॅमेरा घेण्याइतका पैसाही नव्हता. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी भाग घडवत, बसवत, पुन्हा काढत १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा उभा केला. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. भारतात हाताने घडवलेल्या पहिल्या काही कॅमेऱ्यांपैकी हा एक. पेंटर आणि दामले यांच्याकडे ना इंजिनीअरिंगची पदवी होती ना प्रयोगशाळा. होती ती कामाला एक जागा, अवजारं, आणि बिघडलेली वस्तू उघडून बघण्याची धमक.

ती धमक या शहरात मुरली. शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत लेथ, दुसरीत वेल्डिंग, तिसरीत पॅटर्न बनवणारे. गाडीचा जुना भाग कंपनीत मिळेनासा झाला तर तो इथे करून मिळतो, असा विश्वास सांगली-बेळगावपर्यंत आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमधल्या फाउंड्रींतून देशभरातल्या मोटारी, ट्रक आणि ट्रॅक्टरसाठी ओतीव भाग जातात. म्हणजे कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत संध्याकाळी परतणारा माणूस दिवसभर इंजिनाच्या ब्लॉकला, सिलिंडर हेडला हात लावून आलेला असतो. त्याच्या घरात पाना-पक्कड असणारच. प्रश्न होता तो ठेवायचा कुठे. फ्लॅटमध्ये ही अवजारं बाल्कनीतल्या कपाटात किंवा पलंगाखालच्या खोक्यात जातात आणि लागेल तेव्हा सापडत नाहीत. गॅरेज मिळालं की ती पहिल्यांदा भिंतीवर येतात. दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना, कानस, हॅक्सॉ, हातोडी, प्रत्येकाला खिळा. नव्या घरात राहायला आलेल्या माणसाचा हात कुठली वस्तू न बघता उचलू लागतो, तिथून ते घर त्याचं होतं. स्वयंपाकघरात हे मिठाच्या आणि हळदीच्या डब्याने होतं. गॅरेजमध्ये ते पान्याने होतं.

कायद्यालाही गॅरेज म्हणजे काय हे सांगावं लागलं, आणि त्यामागे बरीच भांडणं आहेत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, म्हणजे रेरा कायद्यात, व्याख्या दिली आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवण्याची जागा म्हणजे गॅरेज. उघडं पार्किंग त्यात येत नाही. ही स्पष्टता यायच्या आधी इमारतीखालच्या खांबांमधली जागा 'पार्किंग' म्हणून सर्रास विकली जायची. दहिसरच्या पंचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने निकाल दिला की खांबांमधली उघडी जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती इमारतीतल्या सगळ्यांच्या सामाईक मालकीची आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही. राज्याचं रेरा प्राधिकरण, म्हणजे महारेरा, १ मे २०१७ पासून कामाला लागलं. पुढे २०२४ मध्ये त्यांनी असं बंधनकारक केलं की बंदिस्त किंवा झाकलेलं पार्किंग विकायचं असेल तर त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारासोबत लिहून द्यायची. घर घेताना हॉलच्या टाइल्सवर तासभर चर्चा करणाऱ्या माणसाने हा एक कागद पाच मिनिटं वाचला तर पुढची पाच वर्षं सोसायटीच्या सभेत भांडावं लागणार नाही. खांब मध्येच आलाय, वरून ड्रेनेजचा पाइप गेलाय, शेजारची गाडी निघाल्याशिवाय आपली निघत नाही, या तक्रारी ताबा मिळाल्यावर सुरू होतात. तेव्हा फार काही करता येत नाही.

बंगला बांधणाऱ्याच्या हातात मात्र सगळं असतं, आणि नेमकं तिथेच माप चुकतं.

राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरली आहे आणि दुचाकीसाठी एक बाय दोन मीटर. म्हणजे मोटारीला साधारण आठ बाय सोळा फूट. उघड्या पार्किंगला हे पुरतं, कारण दोन्ही बाजूंना हवाच असते. त्याच मापाच्या तीन भिंती उभ्या केल्या की चित्र पालटतं. मारुती ८०० जेमतेम ३.३ मीटर लांब आणि १.४४ मीटर रुंद होती, तिच्याभोवती माणूस फिरू शकत होता. आजच्या बऱ्याच लोकप्रिय गाड्या कराच्या सवलतीसाठी चार मीटरच्या आत ठेवलेल्या असतात, पण रुंदीला ती अट नाही. त्या पावणेदोन मीटर किंवा त्याहूनही जास्त पसरल्या आहेत. अडीचातून १.८ गेले, उरले ७० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना वाटले तर ३५-३५. एवढ्या फटीतून दार उघडून बाहेर पडायचं म्हटलं तर पोट आत ओढावं लागतं, आणि आजीला तर गाडीत बसवताना गाडी आधी बाहेरच काढावी लागते. घरात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला हे पहिल्या आठवड्यात कळतं. मग गाडी अंगणात आणि गॅरेजमध्ये अडगळ, असा क्रम लागतो.

अकरा बाय वीस फूट ठेवले तर गाडीही मावते आणि तिच्या एका बाजूला माणूस वाकून काम करू शकतो. हिशेब २२० चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याचा पाचवा हिस्सा. दीड गुंठ्याच्या प्लॉटवर ही जागा जड वाटते, हे खरं आहे. पण ज्या घरात पाहुण्यांसाठी म्हणून एक खोली काढून ठेवली जाते आणि वर्षातले अकरा महिने तिचं दार बंद असतं, त्या घराने रोज उघडणाऱ्या शटरला तीन फूट जास्त द्यायला हरकत नसावी.

अशा थोड्या जादा फुटांतून काय घडू शकतं याचा दाखला अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी ॲडिसन ॲव्हेन्यूवर ३६७ क्रमांकाचं घर आहे. १९३८ साली डेव्हिड पॅकार्ड आणि त्यांची नवपरिणीत पत्नी लुसील यांनी त्यातल्या तळमजल्यावर बिऱ्हाड केलं. मित्र बिल ह्युलेट मागच्या अंगणातल्या छोट्या खोपटात झोपायचा. घर निवडलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे मागे असलेलं बारा बाय अठरा फुटांचं गॅरेज. ५३८ डॉलर भांडवलावर दोघांनी तिथे काम सुरू केलं आणि १ जानेवारी १९३९ रोजी ह्युलेट-पॅकार्ड ही भागीदारी झाली. त्यांचं पहिलं यंत्र ध्वनी तपासण्याचं होतं. डिस्ने स्टुडिओने 'फँटेझिया' चित्रपटासाठी त्याच्या सुधारित रूपाची आठ यंत्रं घेतली. कॅलिफोर्निया राज्याने पुढे या गॅरेजला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. त्याचं माप आपल्या सरकारी आठ बाय सोळाहून फार मोठं नव्हतं, पण रुंदीच्या त्या जादा चार फुटांत एक टेबल आणि दोन माणसं उभी राहू शकत होती.

कोल्हापूरच्या गॅरेजला मात्र एक खास शत्रू आहे, पंचगंगेचा पूर. जुलै उजाडला की शहरात लोक एकमेकांना विचारतात, "बंधाऱ्यावर किती फूट?" कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तिकडे राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडायला लागले की इकडे सुतारवाड्यातली माणसं सामान बांधायला लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. जुलै २०२१ मध्ये त्याच्याही वर, ५६ फुटांपर्यंत. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा या भागांत पाण्याने आधी तळघरं गाठली. माणसं वरच्या मजल्यावर सुखरूप होती आणि खाली त्यांच्या गाड्या बुडत होत्या. पाणी ओसरल्यावर काय करायचं नाही हे पुष्कळांना नुकसान झाल्यावर कळलं. बुडालेल्या गाडीला चावी लावायची नाही. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर सोडवायची, गाडी ओढून न्यायची आणि तेल बदलूनच बघायची. विम्याचं संरक्षणही अशा वेळी तोकडं पडू शकतं. इंजिनासाठी वेगळं जादा कलम घेतलेलं नसेल आणि मालकाने चावी फिरवली असेल तर दावा अडतो.

म्हणून नदीकाठच्या भागात घर घेताना निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघणं हे मुहूर्त बघण्याआधीचं काम आहे. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गेल्या काही वर्षांत शहराने दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर पाहिले, तेव्हा या आकड्यांवर निर्धास्त झोपता येत नाही. उंचावरच्या कळंबा-पाचगाव बाजूला पुराची धास्ती नाही, तरी तिथे डोंगरउतारावरून येणारं पाणी असतं. रस्ता दरवर्षी डांबराच्या नव्या थराने चढत जातो आणि दहा वर्षांत गॅरेजची फरशी रस्त्याच्या खाली जाते. अनुभवी गवंडी हे ओळखून असतो. तो जोतं रस्त्यापासून दीड-दोन फूट उचलतो, शटरच्या बाहेर आडवी चारी काढून तिच्यावर लोखंडी जाळी टाकतो, आणि उताराच्या काँक्रीटवर ओलं असतानाच आडव्या रेघा ओढतो, म्हणजे पावसात चाक घसरत नाही.

शटर हा वेगळाच विषय आहे. नवं शटर पहिले दोन महिने एका बोटाने वर जातं. मग पहिला पावसाळा येतो. चॅनलमध्ये धूळ आणि पाणी मिळून चिखल बसतो, पट्ट्या करकरायला लागतात आणि सकाळी साडेसहाला दुधाला निघालेल्या माणसाच्या शटरने अख्खी कॉलनी जागी होते. यावर उपाय साधा आहे. चॅनल कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे, मग ग्रीस बोटाने नाही तर जुन्या ब्रशने लावायचं, आणि तेही थोडंसं, कारण जास्त ग्रीस धूळ धरतं. वरच्या स्प्रिंगला मात्र घरच्या माणसाने हात घालू नये. ती ताणलेली असते आणि सुटली तर हात मोडते. शटरवाल्याला बोलवावं.

दुसरा त्रास उंदरांचा. नव्या कॉलनीच्या आजूबाजूला अजून ऊसशेती असते. तोड झाली की उंदीर घरांकडे वळतात, आणि थंडीत इंजिनाच्या उबेला बॉनेटमध्ये जाऊन वायरी कुरतडतात. सकाळी गाडी सुरू होत नाही, डॅशबोर्डवर सगळे दिवे लागतात. त्यावर या भागातला उपाय म्हणजे तंबाखूची पानं. निपाणी जवळच असल्याने पान मिळायला अडचण नाही. ती कापडी पुरचुंडीत बांधून इंजिनाच्या तापणाऱ्या भागापासून लांब ठेवतात. वास उडाला की पुरचुंडी बदलतात. कुणाला त्याचा गुण येतो, कुणाला येत नाही. ज्यांनी शटरच्या खालच्या फटीला रबराची पट्टी लावली आणि गॅरेजमध्ये धान्याची पोती ठेवणं बंद केलं, त्यांची झोप अधिक शांत असते.

धान्याचा विषय निघाला म्हणून सांगायला हवं, की गॅरेजवर घरातल्या बायकांचा हक्क गाडीपेक्षा जुना आहे, फक्त त्याचं नाव तेव्हा परडं होतं. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी करायची तर मिरच्या वाळवायच्या, निवडायच्या, देठं काढायची. हे हॉलमध्ये होत नाही आणि गच्चीवर दुपारी उभं राहवत नाही. गॅरेजमधून गाडी बाहेर जाते, फरशी धुतली जाते, सतरंजी पडते, आणि शेजारच्या चार बाया येऊन बसतात. नव्या कॉलनीत ओळखी होतात त्या अशाच. पापड, कुरडया, सांडगे, दिवाळीची चकली, सगळ्यांना ही सावलीची, वारा लागणारी जागा मानवते. अनेक घरांत तर गॅरेजचंच पुढे शिवणकामाचं दुकान, शिकवणी किंवा पिठाची गिरणी झाली. तसं करताना महावितरणकडे वीजजोडणीचा वापर बदलून घ्यावा लागतो आणि परवानगीचा प्रश्न येतो, हे विसरून चालत नाही. गॅरेजमध्ये राहत्या खोलीसारखा वावर वाढला की दोन गोष्टी जिवावरच्या असतात. शटर बंद ठेवून गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणसाला कळायच्या आत तो गुंगवतो. आणि पेट्रोलचा कॅन असलेल्या जागेत शेगडी पेटवायची नाही. चकली तळायची असेल तर कॅन आधी बाहेर.

कोपऱ्यातल्या चेतककडे वळू. बजाज चेतक १९७२ साली बाजारात आली आणि तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेल्या जावा आणि येझदी तर १९९६ नंतर नव्या मिळेनाशाच झाल्या. पेठेत जागा नसल्याने कितीतरी घरांनी या गाड्या भंगारात दिल्या. ज्यांनी दिल्या नाहीत, त्यांच्याकडे नव्या घराच्या गॅरेजमध्ये आता त्या उघडल्या जात आहेत. आधी कार्बोरेटर, मग क्लच प्लेट, मग टाकीतला गंज. बाप स्टुलावर बसून सांगतो आणि लेक पाना फिरवते. तिला इंजिनाची भाषा पुस्तकात भेटलेली असते, बापाला ती कानाने येते. आवाजावरून तो सांगतो, "पॉइंट साफ कर, कचरा आहे." उद्यमनगरात एक बुश करून आणायला दोघं जातात आणि येताना मिसळ खाऊन येतात. गाडी सुरू व्हायला कधी सहा महिने लागतात. घाई कुणालाच नसते. पेठेतल्या सोप्यात हे करता आलं नसतं, कारण सुटे केलेले भाग रात्री तसेच पसरून ठेवून झोपायला जायची मुभा तिथे नव्हती. उद्या पुन्हा इथूनच सुरू करू, असं म्हणून दिवा मालवता येणं, हे गॅरेजचं खरं सुख.

जागेचा हा प्रश्न जगात सगळीकडे आहे. जपानने १९६२ साली कायदा केला की गाडी घ्यायची असेल तर ती ठेवायला जागा आहे असा दाखला आधी दाखवायचा. तिथले चिंचोळे रस्ते मोकळे राहिले त्यात या दाखल्याचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रातही पार्किंगचा पुरावा असल्याशिवाय नव्या वाहनाची नोंदणी करू नये, असा विचार २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी मांडला. मंगळवार पेठेतल्या दीड खोलीच्या घरातून रोज स्कूटरवर एमआयडीसीत जाणाऱ्या माणसावर असा नियम अन्याय करील. त्याच्यासाठी शहराने सार्वजनिक वाहनतळ आधी बांधायला हवेत. मात्र नव्या लेआउटमध्ये, जिथे जमीन अजून मोकळी आहे, तिथे रस्त्यावर गाडी लावायला भाग पाडणारं घर मंजूरच होता कामा नये.

विजेवरच्या गाड्यांनी या मागणीला आणखी जोर दिला आहे. घरच्या घरी गाडी चार्ज करायला वेगळं स्टेशन लागत नाही. १५-१६ अँपिअरचा सॉकेट, नीट केलेलं अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी असला की रात्रभरात काम होतं. पण त्यासाठी गाडी रोज ठरलेल्या जागी, छपराखाली उभी राहायला हवी. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडून चार्जिंग करणारी माणसं दिसतात, ती पावसाळ्यात धोका पत्करत असतात. घर बांधताना गॅरेजच्या भिंतीत एक जाड वायर टाकून ठेवायला फारसा खर्च येत नाही. नंतर भिंत फोडून टाकायला येतो.

कोल्हापुरात गाडीला मान देण्याची रीत दरबारी आहे. शाहू महाराज आपल्या घोड्यांच्या खडखड्यातून रपेट करायचे. त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी जर्मनीहून मेबॅक आणली. राजाराम महाराज १९४० साली गेले, संस्थान विलीन झालं, पण ती मेबॅक नव्या राजवाड्यातून दसऱ्याला अजून बाहेर पडते. दसरा चौकात शमीपूजनाला छत्रपती घराण्यातली मंडळी तिच्यातून येतात आणि चौकातल्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं आधी गाडी शोधतात. इतक्या वर्षांची मोटार चालू स्थितीत राहते ती कोरड्या जागेमुळे आणि तिच्यावर हात फिरवणाऱ्या मेकॅनिकमुळे. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शहरातल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये लेथला आणि घराघरात पान्या-पकडींना हळदकुंकू लागलेलं असतं. गॅरेज असलेल्या घरात ही पूजा आता तिथेच मांडली जाते: पाटावर अवजारं, शेजारी गाड्या, शटरला झेंडूचं तोरण.

दिवाळीच्या पाडव्याला शोरूमबाहेर रांगा लागतात. चावी हातात आली की नवी गाडी आधी अंबाबाईला, मग जोतिबाला आणि तिथून गुलाल लावून घरी. दारात सुवासिनी चाकांवर पाणी घालतात, लिंबं चिरडतात, आणि गाडी पहिल्यांदा त्या रेघा ओढलेल्या उतारावरून आत चढते. घरातलं कुणीतरी मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे, बस्स" म्हणत असतं. मुलांचा किल्ला शटरच्या आतल्या कोपऱ्यात असतो, कारण दिवाळीतही कधी पाऊस येतो. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. बहिणी, मेहुणे, भाचरं मिळून वीस-पंचवीस पानं, आणि हॉलमध्ये दहाच बसतात. मग नव्या गाडीला अंगणात काढून आच्छादन घातलं जातं, गॅरेजमध्ये दोन सतरंज्या समोरासमोर पडतात, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पातेली जिन्याने खाली यायला लागतात.